कन्फ्यूज, कन्फ्यूज्ड, कन्फ्यूजिंग : शब्द एक, मराठीत अर्थ चार

प्रश्न असा आहे : कन्फ्यूजन म्हणजे गोंधळ हे माहीत आहे, पण ‘आय अ‍ॅम कन्फ्यूजिंग’ का चुकतं, ‘विथ’ कुठे आणि ‘अबाउट’ कुठे, आणि बिविल्डर्ड, पर्प्लेक्स्ड, बॅफल्ड या सगळ्यांपुढे कोशात ‘गोंधळलेला’ असंच दिलेलं असेल तर कुठला शब्द कधी वापरायचा?

कोशातलं ‘गोंधळ’ हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. इंग्रजीत कन्फ्यूजन या एकाच शब्दावर जे भागतं, ते मराठीत चार ठिकाणी वाटलं जातं. दोन गोष्टींची अदलाबदल झाली तर ती गल्लत. काय खरं, काय करायचं ते कळेना झालं तर संभ्रम. आरडाओरडा, पळापळ, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी अवस्था झाली तर गोंधळ. आणि आजारी माणसाला दिवस, ठिकाण, माणसं ओळखेनाशी झाली तर त्यासाठी आज मराठीत सर्वांना कळणारा एक शब्दच नाही. ‘भान नाही’ असं फोडून सांगावं लागतं. वाक्य हाती आलं की आधी एवढंच ठरवायचं : नेमकं काय मिसळलं आहे? वस्तू, विचार, गर्दी की जाणीव? ते ठरलं की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

‘मिसळलं’ हा शब्द मुद्दाम वापरला. लॅटिन ‘कॉन्फुन्देरे’ म्हणजे एकत्र ओतणे : ‘कॉन’ म्हणजे एकत्र, ‘फुन्देरे’ म्हणजे ओतणे. इंग्रजीत आधी विशेषण आलं, फ्रेंचमधून, आणि त्या काळी कन्फ्यूज्ड माणूस म्हणजे हरलेला, दाणादाण उडालेला. ‘कन्फ्यूज’ हे क्रियापद 16व्या शतकात त्या विशेषणाचं शेपूट काढून तयार झालं आणि सर्रास वापरात यायला 19वं शतक उजाडलं. तोवर ते काम ‘कन्फाउंड’ हे त्याच मुळाचं भावंड करत होतं. आज रोजच्या बोलण्यातून कन्फाउंड मागे पडलं, पण संख्याशास्त्रात ते जिवंत आहे. कॉफी पिणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त दिसला आणि कॉफी पिणाऱ्यांत सिगारेट ओढणारेही जास्त असले, तर दोन्हींचा परिणाम एकात एक ओतला जातो. तिथे सिगारेट हा कन्फाउंडर.

आता पहिला अर्थ, गल्लत. रचना ठरलेली आहे : ‘कन्फ्यूज अमुक विथ तमुक’. दौंड–मनमाड मार्गावर श्रीरामपूरच्या स्थानकाचं नाव बेलापूर आहे आणि नवी मुंबईत हार्बर लाइनवर सीबीडी बेलापूर आहे. यावर वाक्य असं होईल : ‘पीपल ऑफन कन्फ्यूज बेलापूर विथ सीबीडी बेलापूर’. इथे ‘द टू’ किंवा ‘अँड’ही चालतो : ‘पीपल कन्फ्यूज द टू’, ‘ही कन्फ्यूजेस डेट्स अँड नेम्स’. पण ‘कन्फ्यूज टू’, ‘कन्फ्यूज फॉर’ या रचना नाहीत. ‘फॉर’ लागतो तो ‘मिस्टेक’ला : ‘शी मिस्टूक मी फॉर माय ब्रदर’. दोन्हींत बारीक फरक आहे. ‘मिस्टेक फॉर’मध्ये चूक एकाच दिशेची, एकदाची आणि पूर्ण असते : समोर मी उभा होतो, तिला भाऊच वाटला. ‘कन्फ्यूज विथ’मध्ये दोन गोष्टींमधली रेषाच पुसली गेलेली असते; कधी ह्याला तो म्हणायचं, कधी त्याला हा. म्हणून सवयीच्या, वारंवार होणाऱ्या चुकीसाठी ‘कन्फ्यूज’ जास्त शोभतं.

याच अर्थाने औषधक्षेत्रात ‘कन्फ्यूज्ड ड्रग नेम्स’ असा शब्दप्रयोग आहे. मराठी वाचकाला तो पहिल्यांदा चमत्कारिक वाटतो, कारण नावं कशी गोंधळतील? तिथे ‘कन्फ्यूज्ड’ म्हणजे ‘ज्यांची आपापसांत गल्लत होते ती’. हायड्रालाझिन हे रक्तदाबाचं औषध, हायड्रॉक्सिझिन हे अ‍ॅलर्जी-खाज यांसाठीचं. दोन्हींची सुरुवात सारखी, शेवट सारखा, लांबीही जवळपास तेवढीच. फडताळावर शेजारी ठेवलेल्या बाटल्यांतून चुकीची उचलली जाऊ नये म्हणून नावाचा वेगळा असलेला मधला भाग मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत छापायची पद्धत निघाली. याचं मराठीकरण करताना ‘गोंधळलेली औषधनावं’ असं लिहिलं की अर्थ गेलाच. ‘गल्लत होणारी औषधनावं’ एवढंच पुरे.

कायद्यात हाच अर्थ आणखी काटेकोर होतो. 1999च्या ट्रेड मार्क्स अ‍ॅक्टमध्ये कलम 2(1)(एच) मध्ये ‘डिसेप्टिव्हली सिमिलर’ची व्याख्या आहे. एखादं चिन्ह दुसऱ्या चिन्हाशी इतकं मिळतंजुळतं असेल की त्यामुळे लोक फसण्याची किंवा त्यांच्या मनात कन्फ्यूजन होण्याची शक्यता आहे, तर ते तसं समजलं जातं. ‘डिसीव्ह’ आणि ‘कॉज कन्फ्यूजन’ असे दोन वेगळे शब्द कायद्याने मुद्दाम ठेवले आहेत. ग्राहकाला नकली माल अस्सलच आहे असं ठामपणे वाटलं, तर तो फसला. त्याला फक्त एवढंच वाटलं की ‘हा त्याच कंपनीचा आहे की काय?’, तर ते कन्फ्यूजन; तेवढंही आक्षेपाला पुरतं. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या खटल्यात औषधांच्या नावांबाबत जास्त कडक कसोटी लावायला सांगितलं. तिथे फाल्सिगो आणि फाल्सिटॅब अशी फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियावरच्या दोन औषधांची नावं होती. साबण चुकला तर पैसे जातात, औषध चुकलं तर जीव जातो, असा त्यामागचा विचार. कायदेशीर मराठीत इथे ‘संभ्रम’ शब्द बसतो, कारण चूक अजून घडलेली नसते. ती घडण्याची शक्यता मनात तयार झालेली असते.

संगणकक्षेत्रातल्या ‘कन्फ्यूजन मॅट्रिक्स’मध्येही पहिलाच अर्थ आहे. गोष्टी ओळखून त्यांचे वर्ग सांगणाऱ्या संगणकप्रणालीला मॉडेल म्हणतात. खरा वर्ग कोणता होता आणि मॉडेलने कोणता सांगितला, यांचा तो तक्ता असतो. कर्णावर बरोबर उत्तरं, कर्णाबाहेरच्या चौकटींत कशाची कशाशी गल्लत झाली ते आकडे. मॉडेलचा ‘गोंधळ उडाला’ असं काही त्यात नसतं. ‘गल्लत-तक्ता’ हे भाषांतर मला ‘संभ्रम आव्यूह’पेक्षा कितीतरी बरं वाटतं, कारण वाचणाऱ्याला तक्त्यात काय शोधायचं ते नावातच कळतं.

दुसरा अर्थ माणसाच्या मनाचा. ‘आय अ‍ॅम कन्फ्यूज्ड अबाउट द लास्ट डेट’. विषय सांगायचा तर ‘अबाउट’, कारण सांगायचं तर ‘बाय’ : ‘आय वॉज कन्फ्यूज्ड बाय द नोटीस’. सरकारी किंवा कायद्याच्या पत्रात ‘अ‍ॅज टू’ दिसतो : ‘कन्फ्यूजन अ‍ॅज टू द एलिजिबिलिटी’. बातम्यांत ‘ओव्हर’ : ‘कन्फ्यूजन ओव्हर न्यू रूल्स’. दोन गोष्टींतली गल्लत नाम वापरून सांगायची तर ‘बिट्वीन’ : ‘द कन्फ्यूजन बिट्वीन द टू स्टेशन्स’.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ‘आय अ‍ॅम कन्फ्यूजिंग’, ‘आय गॉट कन्फ्यूज’, ‘डोन्ट गेट कन्फ्यूज’, ‘आय कन्फ्यूज्ड’. ही चूक आळसातून होत नाही, तिचं मूळ मराठीच्या रचनेत आहे. आपल्याकडे ‘गोंधळणे’ हे अकर्मक आहे : मी गोंधळलो, तो गोंधळला. दुसऱ्याला तसं करायचं असेल तर ‘गोंधळात टाकणे’ असं वेगळं बोलावं लागतं. इंग्रजीतलं ‘कन्फ्यूज’ हे मुळातच ‘गोंधळात टाकणे’ आहे. त्याला कर्म लागतंच : ‘द नोटीस कन्फ्यूज्ड मी’. म्हणून ‘आय कन्फ्यूज्ड’ एवढंच म्हटलं की इंग्रजी ऐकणारा पुढे ‘कुणाला? कशाला?’ याची वाट बघत राहतो. ‘आय अ‍ॅम कन्फ्यूजिंग’ म्हणजे ‘मी लोकांना गोंधळात टाकणारा आहे’.

आणि ‘आय गॉट कन्फ्यूज’ कुठून येतं? आपण मराठी बोलताना ‘मी कन्फ्यूज झालो’, ‘मला कन्फ्यूज करू नको’ असं म्हणतो. मराठीत ‘होणे’ आणि ‘करणे’ ही क्रियापदं अकर्मक-सकर्मकाचं सगळं काम करतात, त्यामुळे ‘कन्फ्यूज’ला प्रत्यय लावायची गरजच पडत नाही. मराठीपुरतं हे अगदी बरोबर आहे. तोच बोडका ‘कन्फ्यूज’ आपण इंग्रजीत परत नेतो तेव्हा शेवटचा ‘ड’ मागे राहतो. उपाय सोपा आहे : मराठीत मनात ‘कन्फ्यूज झालो’ आलं की इंग्रजीत ‘कन्फ्यूज्ड’, आणि ‘कन्फ्यूज करणारं’ आलं की ‘कन्फ्यूजिंग’. माणूस बहुधा कन्फ्यूज्ड असतो. नोटीस, फॉर्म, पाटी, नियम कन्फ्यूजिंग असतात. माणूसही कन्फ्यूजिंग असू शकतो, त्याचं वागणं दुसऱ्यांना कळत नसेल तर. उलट ‘अ कन्फ्यूज्ड रिपोर्ट’ असाही प्रयोग होतो : ज्या अहवालाची मांडणीच विस्कटलेली, आतच सगळं एकात एक गेलेलं आहे, तो. ‘अ कन्फ्यूजिंग रिपोर्ट’ वाचणाऱ्याला त्रास देतो. बहुतेक वेळा एकच अहवाल दोन्ही असतो, पण नियमांचं पुस्तक नीट मांडलेलं असूनही वाचणाऱ्याला कन्फ्यूजिंग वाटू शकतं, एवढा फरक लक्षात ठेवावा.

क्रियाविशेषणांतही हाच धागा. ‘ही स्माइल्ड कन्फ्यूज्डली’ म्हणजे तो स्वतः भांबावून हसला. ‘कन्फ्यूजिंगली सिमिलर’ म्हणजे गल्लत व्हावी इतकं सारखं. दुसरा प्रयोग जास्त उपयोगाचा आहे. दोन फाइलींची नावं, दोन योजनांची नावं, दोन गोळ्यांची पाकिटं यांच्याविषयी तक्रार करायची असेल तर तोच वापरा.

उच्चाराकडे थोडं बघू. आघात दुसऱ्या अवयवावर : कन्-‘फ्यूज’. शेवटचा ज हा ‘जहाज’मधला, ‘जीवन’मधला नाही, आणि त्यातही जिभेने दाताशी अडवायचं नाही, हवा सतत सोडायची. ‘कन्फ्यूज्ड’ एका दमात, ‘कन्फ्यूजेड’ असं तीन तुकड्यांत नाही. खरी अडचण ‘कन्फ्यूजन’मध्ये आहे. तिथला आवाज ज नाही, झही नाही. ‘व्हिजन’, ‘मेझर’, ‘टेलिव्हिजन’ यांत तोच आवाज आहे आणि मराठी वर्णमालेत त्याला अक्षर नाही. तो काढायचा असा : ‘श’ लांब म्हणत राहा आणि तोंड अजिबात न हलवता गळ्यातून कंप सुरू करा. गळ्यावर बोट ठेवलंत तर कंप जाणवतो. जे बाहेर येईल तोच आवाज. ‘कन्फ्यूशन’ म्हणू नका. तो कंप गेला तर इंग्रजी कानाला शब्दच ओळखू येत नाही.

मोजता येतं की नाही? रोजच्या वापरात कन्फ्यूजन मोजलं जात नाही. ‘देअर वॉज अ लॉट ऑफ कन्फ्यूजन’, ‘सम कन्फ्यूजन’, ‘मच कन्फ्यूजन’. ‘आय हॅव अ कन्फ्यूजन’ हे भारतीय इंग्रजीत फार ऐकू येतं आणि भारताबाहेर खटकतं. त्याचं जुळं भावंड ‘आय हॅव अ डाउट’. आपल्याकडे वर्गात हात वर करून ‘डाउट’ विचारतात, कारण आपल्या मनात ‘शंका’ हा शब्द असतो; बाहेर ‘डाउट’ म्हणजे विश्वास नसणं. बैठकीत अमेरिकी सहकाऱ्याला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट’ म्हटलं तर त्याला तुम्ही त्याच्या आकड्यांवर संशय घेताय असं वाटेल. दोन्ही जागी ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट...’ किंवा ‘आय अ‍ॅम नॉट क्लिअर अबाउट...’ हे निर्धोक. मात्र ‘अ कॉमन कन्फ्यूजन’ बरोबर आहे. तिथे अर्थ पहिला, म्हणजे ठरावीक एक गल्लत, आणि गल्लत मोजता येते. म्हणूनच अभ्यासू लेखनात ‘कन्सेप्च्युअल कन्फ्यूजन्स’ असं अनेकवचनही दिसतं.

ऑफिसच्या पत्रांत या शब्दाचा सूर सांभाळावा लागतो. ‘यू आर कन्फ्यूज्ड’ हे समोरच्याला ‘तुम्हाला कळत नाहीये’ असं ऐकू जातं. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला ते लिहू नये. ‘देअर सीम्स टू बी सम कन्फ्यूजन अबाउट द डिलिव्हरी डेट’ या वाक्यात कर्ताच नाही, त्यामुळे दोष कुणाच्याच पदरात पडत नाही. चूक स्पष्टपणे समोरच्याची असली तरीही हेच लिहावं. आपली असेल तर ‘सॉरी फॉर द कन्फ्यूजन’. आधीच खबरदारी घ्यायची असेल तर ‘टू अव्हॉइड एनी कन्फ्यूजन’, आणि मग मात्र लगेच नेमकी तारीख, नेमका आकडा आलाच पाहिजे. कन्फ्यूजनबरोबर चालणारी क्रियापदं थोडी आहेत, ती पाठच करावीत : ‘कॉज’, ‘क्रिएट’, ‘लीड टू’, ‘अ‍ॅड टू’, आणि मिटवायचं तर ‘क्लिअर अप’. ‘सॉल्व्ह द कन्फ्यूजन’, ‘रिमूव्ह माय कन्फ्यूजन’ ही आपली भाषांतरं आहेत. कळतात, पण इंग्रजी वाटत नाहीत. ‘कन्फ्यूज द इश्यू’ हा वाक्प्रचार वेगळा : मूळ मुद्दा सोडून भलत्याच गोष्टी मध्ये आणून विषय भरकटवणं.

तिसरा अर्थ प्रसंगाचा, आणि ‘गोंधळ’ हा मराठी शब्द खऱ्या अर्थाने इथे घरी आहे. संबळ, तुणतुणं, दिवटी, देवीच्या नावाचा पुकारा; गोंधळ हे नावच आपल्याला आवाज आणि माणसांची दाटी आठवून देतं. ‘हर बॅग वॉज लॉस्ट इन द कन्फ्यूजन’ म्हणजे त्या गोंधळात तिची पिशवी हरवली. ‘द’ विसरू नका. ‘इन कन्फ्यूजन’ असं ‘द’शिवाय म्हटलं की अर्थ मनाकडे वळतो : ‘शी लुक्ड अ‍ॅट मी इन कन्फ्यूजन’, ती काही न कळून माझ्याकडे बघत राहिली. ‘थ्रो इंटू कन्फ्यूजन’ म्हणजे घडी विस्कटून टाकणं. त्यात सभा, वेळापत्रक, योजना काहीही येतं.

भाषांतर करताना या तिन्हींची कसोटी एका वाक्यावर बघा. ‘द अनाउन्समेंट कॉज्ड कन्फ्यूजन अ‍ॅट द स्टेशन’. फलाट बदलल्याची घोषणा ऐकून लोक पुलावरून धावत सुटले असतील, तर ‘घोषणेमुळे स्थानकात गोंधळ उडाला’. घोषणा अर्धवट ऐकू आली, गाडी तीनवर की पाचवर हे कुणालाच कळेना, लोक एकमेकांना विचारत जागच्या जागी उभे राहिले, तर ‘संभ्रम निर्माण झाला’. दोन गाड्यांची नावं सारखी असल्याने लोक भलत्याच गाडीत चढले, तर ‘गल्लत झाली’. इंग्रजी वाक्य तिन्ही वेळा तेच. म्हणून पुढची-मागची दोन वाक्यं वाचल्याशिवाय या शब्दाचं भाषांतर हाती घेऊच नये. मराठीत क्रियापदही बदलतं, तिकडे लक्ष असू द्या : गोंधळ उडतो किंवा माजतो, संभ्रम निर्माण होतो किंवा पसरतो, गल्लत होते, घोळ होतो किंवा घातला जातो. ‘संभ्रम उडाला’ किंवा ‘गल्लत माजली’ कानाला लगेच बोचतं. ‘घोटाळा’ हा शब्द मात्र आता टाळावा. पूर्वी ‘माझा जरा घोटाळा झाला’ म्हणजे गल्लत झाली एवढाच निष्पाप अर्थ होता. बोलण्यात तो अजून आहे, पण छापील मजकुरात घोटाळा दिसला की वाचकाला आधी पैशांची अफरातफर आठवते. आणि सीमाभागासाठी एक सूचना : कन्नडमध्ये ‘संभ्रम’ म्हणजे आनंदसोहळा. बेळगाव–निपाणीकडे दोन्ही भाषांत मजकूर तयार होतो तिथे मराठी ‘संभ्रम’ तसाच कन्नडमध्ये उचलला गेला तर अर्थ उलटाच होतो.

चौथा, वैद्यकीय अर्थ. इथे चूक झाली तर नुकसान मोठं, म्हणून थोडं तपशिलात. डॉक्टरांच्या कागदावर ‘पेशंट कन्फ्यूज्ड’ असतं तेव्हा त्यांना रुग्णाचा संभ्रम किंवा द्विधा मनःस्थिती सांगायची नसते. आज कोणता दिवस, आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, यांतलं काही त्याला नीट सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. 1974 मध्ये ग्लासगोत तयार झालेल्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणाऱ्या पद्धतीत, बोलण्याला 5 पैकी गुण देतात. 5 म्हणजे पूर्ण भानावर. 4 म्हणजे ‘कन्फ्यूज्ड’ : वाक्यं पूर्ण आहेत, संभाषण चालू आहे, पण उत्तरं चुकतात, रुग्णालयात असून ‘मी घरीच आहे’ म्हणतो. 3 वर सुटे, असंबद्ध शब्द, 2 वर नुसते आवाज, 1 वर काहीच नाही. म्हणजे ‘कन्फ्यूज्ड’ हा इथे मोजमापाचा शब्द आहे, त्याची जागा ठरलेली आहे. न्यूमोनिया किती गंभीर आहे ते ठरवणाऱ्या कर्ब-65 या गुणपद्धतीतलं पहिलं अक्षरही कन्फ्यूजनचंच. नव्याने आलेलं कन्फ्यूजन असेल तर 1 गुण. श्वासाचा वेग मिनिटाला 30 किंवा जास्त असेल तर जितका, तितकाच.

हेच मराठीत ‘रुग्ण गोंधळलेला आहे’ असं लिहिलं तर नातेवाइकांना वाटतं, नवीन जागा आहे, घाबरले असतील, होईल नीट. म्हातारं माणूस अचानक असं बोलू लागलं तर मागे जंतुसंसर्ग, रक्तातली साखर किंवा सोडियम कमी होणं, औषधाचा परिणाम, पक्षाघात असं काहीही असू शकतं. लगेच दाखवायला हवं. म्हणून माहितीपत्रकात किंवा डिस्चार्ज कार्डाच्या मराठी प्रतीत ‘वेळ, ठिकाण, माणसं यांचं भान नीट नाही’ असं लिहावं, आणि बदल नवा असेल तर ‘अचानक’ हा शब्द गाळू नये. जुन्या पिढीत तापात असं बरळणाऱ्याला ‘वात झालाय’ म्हणत. शब्द नेमका होता, पण आता ‘वात’ म्हटलं की लोकांना सांधेदुखी आठवते, त्यामुळे लेखी मजकुरात तो चालणार नाही.

राहिले शेजारचे शब्द. व्याकरणाने ही सगळी कन्फ्यूजसारखीच आहेत. सकर्मक, आणि ‘-ड’, ‘-इंग’चा नियम तोच. कारण सांगताना सगळ्यांना ‘बाय’ चालतो. अर्थाचा फरक मनाच्या अवस्थेत आहे.

‘पझल्ड’ शांत असतो. एखादी गोष्ट जुळत नाही, आणि ती का जुळत नाही याचं कुतूहल आहे. मराठीत ‘कोडं पडणं’. डोकं चालू असतं, म्हणून ‘पझल ओव्हर’ म्हणजे विचार करत बसणं आणि ‘पझल आउट’ म्हणजे शेवटी उकल काढणं. कन्फ्यूज्ड माणसाला प्रश्न काय आहे हेच कधी कधी कळलेलं नसतं. पझल्ड माणसाला प्रश्न स्वच्छ दिसत असतो.

‘पर्प्लेक्स्ड’मध्ये काळजी मिसळलेली असते. लॅटिनमध्ये मूळ अर्थ एकमेकांत विणलेला, गुंतलेला. मराठीत ‘पेचात पडणं’ याच्याइतकं जवळचं दुसरं काही नाही, आणि फारसीतून आलेल्या ‘पेच’चा मूळ अर्थही पीळच. हा शब्द लेखी भाषेतला. घरच्या बोलण्यात जड वाटतो. भाषेच्या मॉडेलांत, म्हणजे पुढचा शब्द ओळखणाऱ्या संगणकप्रणालींत, ‘पर्प्लेक्सिटी’ हे माप आहे : ती 10 आली तर पुढचा शब्द ओळखताना मॉडेलची अनिश्चितता 10 सारख्याच शक्य पर्यायांतून एक निवडण्याइतकी आहे, असा हिशेब.

‘बिविल्डर्ड’ माझ्या मते या कुटुंबातला सर्वांत चुकीचा वापरला जाणारा शब्द. एखाद्या गणिताने कुणी बिविल्डर्ड होत नाही. 17व्या शतकाच्या अखेरीस तो लिखाणात दिसू लागतो आणि त्यात ‘विल्ड’ हा रानाचा अंश आहे : रानात वाट चुकवणं. आपल्या कोकणात आणि घाटावर ‘चकवा लागणं’ म्हणतात ते हेच. माणूस रात्रीच्या वाटेने चालतो, चालतो, आणि फिरून त्याच झाडाखाली येतो; कुठली दिशा कुठली हेच कळेनासं होतं. आजच्या वापरात जिथे चहूबाजूंनी एकदम फार काही येतं आणि माणूस भांबावतो, तिथे तो बसतो : पहिल्यांदा मोठ्या शहरात उतरलेलं मूल, अपघातानंतर रस्त्यात उभा राहिलेला प्रवासी. निर्जीव वस्तूंसाठी एक पक्का प्रयोग आहे, ‘अ बिविल्डरिंग व्हरायटी ऑफ’ किंवा ‘अ बिविल्डरिंग अ‍ॅरे ऑफ’. दुकानात टूथपेस्टचे शंभर प्रकार मांडलेले असतात तेव्हा तो वापरावा. मराठीत ‘डोकं चक्रावून टाकणारी विविधता’. बिविल्डर्ड माणूस ‘गांगरलेला’ किंवा ‘भांबावलेला’. ‘संभ्रमित’ लिहिलंत तर त्यातली घाबरी नजर निघून जाते.

‘बॅफल्ड’ म्हणजे प्रयत्न करून थकला, उलगडा काही होईना. त्यात अगोदर प्रयत्न झालेले असतात, म्हणून बातम्यांत पोलिस, डॉक्टर, शास्त्रज्ञ बॅफल्ड असतात. साधा वाटसरू क्वचितच. मराठीत ‘मती गुंग होणं’, ‘चक्रावणं’. यंत्रांत बॅफल प्लेट म्हणजे प्रवाह अडवणारा किंवा वळवणारा पत्रा. पाण्याच्या टाकीत, सायलेन्सरमध्ये, बॉयलरमध्ये तो असतो. वाट अडणं दोन्हीकडे सारखंच.

‘मडल’ हातातल्या कामाचा. कागद खालीवर झाले, हिशेब एकमेकांत गेले : ‘इन अ मडल’, मराठीत सरळ ‘घोळ’. ‘मडल थ्रू’ म्हणजे योजना नसताना कसंबसं निभावून नेणं. ‘बिम्यूज्ड’शी जपून वागा. त्याच्या अर्थात ‘अम्यूज्ड’चा, गमतीचा अंश नव्हता; अर्थ होता किंचित गोंधळलेला, स्वतःत हरवलेला. आता बरेच जण तो ‘गालातल्या गालात हसणारा’ अशा अर्थी वापरतात आणि काही कोशांनी तोही नोंदला आहे. परीक्षेत किंवा करारात दोन अर्थांचा शब्द घालायचं कारण नाही. भाषांतर करताना मात्र पात्र हसतंय की चक्रावलंय ते संदर्भ बघूनच ठरवा.

‘डिसकॉम्बॉब्युलेटेड’ हा 19व्या शतकातल्या अमेरिकेत मजेने घडवलेला शब्द, रुबाबदार लॅटिनसारखा दिसणारा. मित्राला लिहायला छान, अर्जात नको. अमेरिकेत मिलवॉकीच्या विमानतळावर 2008 पासून सुरक्षा तपासणीच्या पुढे ‘रिकॉम्बॉब्युलेशन एरिया’ अशी पाटी आहे : पट्टा, बूट, लॅपटॉप पुन्हा जागच्या जागी घालून माणसाने सावरायची जागा. मराठीत पाटी करायचीच तर ‘इथे सामान आवरा’ एवढंच लिहावं लागेल.